तिसऱ्या पानाचं नाव

तात्यांना त्यांच्या पणजोबांचं नाव मी चुकीचं दिलं. नुसतं चुकीचं दिलं असतं, तर माणसाच्या हातून चूक होते असं म्हणून मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं. पण नाव देताना ते चुकीचं असू शकतं हे मला दिसत होतं. पुढे ते चुकीचंच आहे हे कळल्यावरही मी गप्प बसलो. हे आधी लिहून टाकतो. तात्यांबद्दल लिहायला बसलं की त्यांच्या गमतीच आधी आठवतात, आणि त्या गमतींच्या आड लपणं मला फार सोपं जातं.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत आमची वाडी आहे. पंचवीसेक उंबरे, सगळे भातवाले. वाडीत सगळ्यांचे डोळे काळे, फक्त आमच्या शेजारच्या तात्यांच्या घरात घारे. तात्यांचे तर राखाडी म्हणावेत असे. त्यात अंगाची कातडी अशी की फाल्गुन लागला की नाक सोलून निघायचं. म्हणून तात्या गुरांमागे जाताना भर उन्हात काळी छत्री उघडून चालत. धोतर गुडघ्यापर्यंत, पायात टायरच्या चपला, खांद्यावर काठी आणि डोक्यावर छत्री. पारावर बसलेलं कुणीतरी हटकून म्हणायचं, "सायेब निगाले हवा खायला!"

तात्या थांबायचे. "कातडं आमच्या पणज्यानं दिलंय. तक्रार आसंल तर त्याच्याकडं लावा."

"लावतो की. नाव सांगा, पत्ता सांगा!"

मग हशा व्हायचा. लहानपणी मीही त्यात हसलेलो आहे. तात्या हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. छत्री सारखी करून पुढे निघायचे. नाव आणि पत्ता, या दोन गोष्टी त्यांच्याकडे खरंच नव्हत्या.

त्यांच्याकडे होती ती एवढीच हकीकत. तात्यांची पणजी सोनाबाई इंग्रजांच्या काळात बापाबरोबर पुण्याच्या छावणीत गेली होती. लष्करातल्या घोड्यांसाठी गवत कापायला तेव्हा मावळातून माणसं जायची, हंगामभर तिथंच राहायची. चार वर्षांनी ती एकटी चालत परत आली, तेव्हा कडेवर घाऱ्या डोळ्यांचं पोर होतं आणि लुगड्याच्या गाठीला एक पितळी बटण. भावानं तिला थारा दिला, आपलं आडनाव दिलं, पाण्याच्या कडेचं एक खाचर दिलं. बापाचं नाव तिनं कुणाला सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि लोकांनी ते टिकू दिलं नसेल. वाडीत मागं राहिलं ते एकच वाक्य, "सायेब पळाला आन् बटण ठिवून गेला."

ते बटण तात्यांच्या देव्हाऱ्यात होतं. खंडोबा, जोगूबाई, पूर्वजांचे चांदीचे टाक, आणि त्याच रांगेत ते बटण. दर अमावास्येला तात्या स्वतः ते चिंचेनं घासायचे, हळदकुंकू लावायचे. त्यावर वीणेसारखं एक वाद्य कोरलेलं होतं आणि खाली दोन आकडे. तीन पिढ्यांच्या चिंचेनं वाद्याच्या तारा झिजून गेल्या होत्या, पण आकडे अजून बोटाला लागायचे. काकी, म्हणजे तात्यांची बायको, एकदा म्हणाली, "देवाला येवढं घासत न्हाईत, त्या बटनाला घासत्यात." त्यावर तात्या म्हणाले, "देवाला सारी दुनिया घासती. ह्याला माझ्याबिगर कोण हाय?"

तात्यांचा खरा दिवस मात्र म्हाळाचा. पितृपंधरवड्यात आमच्याकडे तीन पानं मांडतात. बापाचं, आज्याचं आणि पणज्याचं. खीर, वडे, गवार, भोपळा, अळूची भाजी वाढून झाली की घरातला कर्ता एकेका पानावर पाणी सोडतो आणि एकेकाला नाव घेऊन जेवायला बोलावतो. तात्या पहिल्या पानाला बापाचं नाव घ्यायचे. दुसऱ्या पानाला म्हादूआज्याचं, म्हणजे सोनाबाईनं कडेवर आणलेल्या त्या पोराचं. तिसऱ्या पानाशी आले की हात थांबायचा.

म्हाळ सांगायला येणारे भटजी, जोशीकाका म्हणायचे, "नाव माहीत नसेल तर अमुक म्हणा तात्या, शास्त्राला चालतं."

"अमुक म्हंजी कोन? अमुक कुनाचाबी बाप आसंल." एवढं बोलून तात्या पाणी सोडायचे आणि हळूच म्हणायचे, "छावनीतलं सायेब, जेवाया या."

पुढे मला पुण्यात कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. शनिवारी एसटीनं नसरापूर, तिथून वडापच्या जीपनं वाडी. बरीच वर्षं अशी गेल्यावर एका शनिवारी तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. रुमालात बांधलेलं बटण त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"सुरेशा, तू छावनीतच कामाला हाईस न्हवं?"

"हो तात्या. पण आता तिथं इंग्रज नाहीत."

"कागद आसतील. सरकार जातं, कागद ऱ्हातो. तूच म्हनतोस."

मी म्हणायचो खरा. मग तात्या जे बोलले ते मी आजवर विसरलेलो नाही. "हे बघ, म्या हाय तंवर त्याची पाळी हाय. म्या गेलो की दत्ता पयल्या पानाला माझं नाव घील, मग माझ्या बाचं, मग म्हादूआज्याचं. तीन झाली. ह्यो त्यातनं जाईल तो कायमचाच. पळाला आसंल, मला ठावं न्हाई. पन रगात त्याचं हाय. येकदा तरी नावानं जेवू दे त्याला."

दत्ता म्हणजे तात्यांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला या सगळ्याची लाज वाटायची. तो म्हणाला, "सुरेशदादा, नका मनावर घेऊ. म्हाताऱ्याचं खूळ हाय." मी मनावर घेतलं. वाडीतला शिकलेला माणूस म्हणून कुणीतरी काहीतरी मागतंय, याचं मला सुख होतं. त्या सुखाचा वाटा या चुकीत मोठा आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी आधी एका चर्चमध्ये गेलो. तिथल्या माणसानं बटण पाहून सांगितलं, "ही वीणा आयर्लंडची, खालचा आकडा पलटणीचा. आयरिश शिपाई बहुतेक कॅथलिक. पलीकडच्या चर्चमध्ये विचारा." पलीकडचे फादर वसईकडचे, सत्तरीचे, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. त्यांनी कपाटातून बाप्तिस्म्याच्या वह्या काढून दिल्या. शाई तपकिरी झालेली, अक्षर वेलबुट्टीचं. मी तीन दिवस डबा न खाता पानं उलटली. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, एक नोंद सापडली. मुलगा, बाप जॉन, शिपाई, आईच्या नावाच्या जागी नुसतं 'देशी स्त्री'. पुढे पलटणीचा आकडा.

तो आकडा तीन अंकी होता. बटणावर दोनच आकडे होते.

मी ते पाहिलं. फादरांनीही पाहिलं. ते म्हणाले, "त्याच वर्षांची अजून एक वही आहे, बांधणीला दिलीय. सोमवारी येईल. ती पाहिल्याशिवाय नक्की म्हणू नका."

पण म्हाळ रविवारी होता. येताना नाव घेऊन येतो असं मी तात्यांना आधीच सांगून बसलो होतो. मी मनाशी म्हटलं, तीन पिढ्या चिंचेनं घासलंय, एक आकडा झिजून गेला असेल. कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्यानं संध्याकाळी इंटरनेटवर जुन्या लष्करी याद्या धुंडाळून दिल्या. तो जॉन पलटणीबरोबर जहाजानं मायदेशी परत गेला होता. वाडीत जे बोललं जायचं त्याच्याशी हे अगदी जुळलं, आणि जुळलं म्हणून मला ते खरं वाटलं.

शनिवारी मी सांगितलं तेव्हा तात्या गोठ्यात होते. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ते नाव चारपाच वेळा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "परत ग्येला म्हनतोस?"

"हो. जहाजानं."

ते म्हशीची पाठ थोपटत राहिले. "ग्येला तर ग्येला," शेवटी म्हणाले. "नाव घेटलं तर जेवाया यील का न्हाई? यील." मग एकदम, "इंग्रज लई लांबनं आलं की रं."

"इंग्रज नव्हता तात्या. आयरिश होता. त्यांच्यावरही इंग्रजांचंच राज्य होतं."

"आँ? मंजी आपल्यावानीच की! मग हितं कशाला आला त्यांची चाकरी कराया?"

"पोटासाठी. तिकडं लोक बटाट्यावर जगायचे. बटाट्याला रोग पडला आणि माणसं देशोधडीला लागली."

"भात न्हवता व्हय त्यांच्यात?" तात्यांचा चेहरा असा झाला की जणू शेजारच्या घरी चूल पेटली नाही हे आत्ता कळलंय.

दुसऱ्या दिवशी म्हाळाला तिसऱ्या पानावर खीर-वड्यांच्या शेजारी एक अख्खा उकडलेला बटाटा होता, आणि कडेला मीठ. जोशीकाका पाहतच राहिले. काकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या सांगून दमले. म्हाळाला उकडल्याला बटाटा कुनी वाडतं का? पन ह्यांचं आपलं येकच, त्यांच्या तोंडाला आपलं अळू न्हाई लागायचं." तात्यांनी पाणी सोडलं आणि सबंध वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, "जॉनआजं, जेवाया या!"

त्या सोमवारी मी फादरांकडे गेलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. इतका आनंद झालेल्या माणसासाठी आता आणखी काय शोधायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

नाव मिळाल्यावर तात्या बदलले. पारावर कुणी "नाव सांगा" म्हटलं की छत्री मिटून, जवळ जाऊन नाव सांगायचे. तोरण्यावर चढायला कधीमधी परदेशी पोरं येत. तात्या म्हशी सोडून रस्त्यावर यायचे. एकदा मी बरोबर होतो. एक गोरा, लाल केसांचा तरुण, पाठीवर पोतं असल्यासारखी सॅक. तात्यांनी त्याला लोटीभर ताक दिलं आणि मला म्हणाले, "इचार, तुमच्यात जॉन कोन हाय का."

मी विचारलं. तो हसून म्हणाला, "माझ्या आईच्या वडिलांचं नावच जॉन."

"बग!" तात्यांनी माझ्या दंडावर थाप मारली. "सांग त्याला, दर सालाला जेवाया येत्यात म्हनावं. बटाटा करतो." ते मी इंग्रजीत काय सांगितलं मला आठवत नाही. त्या मुलानं मात्र जाताना तात्यांना वाकून नमस्कार केला, आणि तात्यांनी तो घरच्या पोराचा घ्यावा तसा घेतला. मग म्हणाले, "नाक बगितलंस त्याचं? सोललंय."

अशी सात वर्षं गेली. एका श्रावणात कचेरीतल्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न त्याच चर्चमध्ये होतं. जुने फादर निवृत्त होऊन गेले होते. नव्या तरुण फादरांशी बोलता बोलता मी सहज त्या वहीची चौकशी केली. सहज म्हणतो, पण सात वर्षं ती माझ्या डोक्यात होती. "आहे की," ते म्हणाले आणि काढून दिली. बांधणी होऊन ती त्याच सोमवारी आलेली होती. वहीवर चिठ्ठीसुद्धा होती, जुन्या फादरांच्या अक्षरात: कारकून येतील, त्यांना दाखवणे.

दहाव्या की बाराव्या पानावर नोंद होती. बाप मायकल, शिपाई. पलटणीचा आकडा दोन अंकी, बटणावरचाच. आईच्या जागी स्पष्ट लिहिलेलं, सोना. त्या वहीत देशी आईचं नाव लिहिलेली तेवढीच नोंद मला दिसली. कुणीतरी ते मुद्दाम लिहायला लावलं असणार. फादर म्हणाले, "दफनाची वही पण पाहू या." त्यात चार महिन्यांनंतरची एक ओळ होती. मायकल, तीच पलटण, ताप. वय सत्तावीस.

तो पळाला नव्हता. तो कुठंच गेला नव्हता. ज्या कब्रस्तानात त्याला पुरलं, त्याच्या भिंतीला लागून असलेल्या झाडाखाली मी पंधरा वर्षं डबा खात होतो.

मी मोबाईलवर दोन्ही पानांचे फोटो काढले आणि शनिवारी वाडीला गेलो. ठरवून गेलो होतो. तात्या ओसरीवर बाजेवर पडलेले, पाय सुजलेले. मला पाहून उठून बसायला लागले. मी काही बोलायच्या आत माझा हात धरून म्हणाले, "सुरेशा, तुज्यामुळं म्या निवांत जाईन बग. सात पानं नावानं झाली."

मी म्हटलं, "झोपा तात्या." आणि चहा पिऊन घरी आलो.

आजारी माणसाला कशाला धक्का द्या, ही दया आहे, असं मी मनाला समजावलं. ती दया नव्हती. त्या डोळ्यांतून माझी किंमत उतरलेली मला पाहवणार नव्हती, एवढंच होतं. अजून महिना होता. म्हाळाच्या आधी सांगू म्हटलं. मग म्हाळाच्या दिवशी सकाळी सांगू म्हटलं. सकाळी गेलो तर पानं वाढली जात होती. दत्तानं तात्यांना धरून पाटावर बसवलं. पाणी निम्मं बाहेर सांडलं. तिसऱ्या पानाशी आल्यावर त्यांनी मान वर करून मला शोधलं, मी दिसल्यावर थोडं हसले, आणि असेल नसेल तो सगळा आवाज काढून त्यांनी जॉनला हाक मारली. खऱ्या नावाचा फोटो माझ्या खिशात होता. मी नुसतं एक पाऊल पुढं टाकायचं होतं. मी हात जोडून उभा राहिलो.

मार्गशीर्षात तात्या गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकतात न सरकतात तोच कावळा शिवला. दत्ता रडत म्हणाला, "काय विच्छा मागं ठिवली न्हाई म्हाताऱ्यानं." सगळे म्हणाले, समाधानानं गेला माणूस. ते समाधान कशावर उभं होतं हे त्या घाटावर मला एकट्याला ठाऊक होतं.

तात्यांचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या पहिल्या म्हाळाला मी गेलो. दत्ता पाटावर बसला होता. पहिलं पान तात्यांचं, दुसरं तात्यांच्या वडिलांचं, तिसरं म्हादूआज्याचं. वाढून झालं तशी काकी चुलीपासून उठून आली आणि पानांसमोर येऊन थांबली. तिच्या हातात ताटली होती. ताटलीत एक उकडलेला बटाटा आणि चिमूटभर मीठ.

"सवयीनं उकडला बाई म्या," ती म्हणाली. "ह्यो आता कुठं ठिवू?"

जोशीकाका हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्यांची पाळी संपली आता. तात्या आले ना पानावर."

"ते कळतंय मला. पन ह्यो कुठं ठिवू?"

ती प्रत्येक पानाकडे पाहत तशीच उभी राहिली. मग मी बोललो. कसा सुरू झालो मला आठवत नाही. आकड्यापासून सुरू केलं, सोमवारपासून, चिठ्ठीपासून, सगळं सांगितलं. मोबाईल काढून फोटो दाखवला. जॉन आपला नव्हता, आपला मायकल होता, तो तापानं पुण्यातच गेला, त्यानं सोनाबाईचं नाव लिहवून घेतलं होतं. आणि तात्यांच्या शेवटच्या म्हाळाच्या आधी महिनाभर हे मला माहीत होतं.

दत्ता पाटावरून उठला. ज्याला या सगळ्याची लाज वाटायची तो हा दत्ता, पण त्याचे ते घारे डोळे पहिल्यांदा मला तात्यांसारखे दिसले. "आठ वरसं," तो म्हणाला. "आठ वरसं परक्याला हाका माराया लावल्यात माज्या बाला? आन् आमचा मानूस उपाशी भाईर? सुरेशदादा, तुमी उबं ऱ्हावून ऐकलंत?"

"हो."

"तोंड न्हवतं तुमाला?"

मी काकीकडे वळलो आणि तिच्या पाया पडायला वाकलो. ती मागे सरकली.

"माज्या पाया नगं पडू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "म्या कुटं हाका मारल्या? ज्यानं मारल्या त्याला सांग. त्यो बग तितं पानावर बसलाय."

तिनं बटाट्याची ताटली तात्यांच्या पानाशेजारी जमिनीवर ठेवली, आणि बाजूला होऊन मला वाट दिली. मी पहिल्या पानासमोर गुडघे टेकून बसलो. पानावरच्या खिरीवर एक माशी बसली होती ती हातानं उडवली. मग सगळ्यांदेखत, तात्यांना ऐकू जाईल असं बोललो:

"तात्या, तुमच्या पणज्याचं नाव मायकल होतं. तो पळाला नव्हता. मला हे कळलं होतं, आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाला हाक मारत होता तेव्हा मी तुमच्यासमोर हात जोडून उभा होतो. माझं चुकलं, तात्या. मला माफ करा."